ॲनिमेशन-प्रवेशाचे चित्रसंपुट : एक लयविचार

१

चित्रसंपुट, किंवा नित्याच्या व्यवहारातील शब्द वापरावयाचा तर पोर्टफोलिओ, हा समीक्षेचा विषय होऊ शकतो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रवेशेच्छू विद्यार्थ्याने परीक्षकांपुढे ठेवावयाचा आपल्या कामाचा गठ्ठा, एवढाच त्याचा अर्थ समजला जातो. तथापि या गठ्ठ्याकडे जरा बारकाईने पाहिले, तर ती एक रचना आहे हे मान्य करावे लागते. तीत निवड असते, क्रम असतो, काही गोष्टी हेतुपुरस्सर वगळलेल्या असतात. आणि एक विशिष्ट वाचक गृहीत धरून ती सिद्ध केलेली असते. निवड, क्रम, वगळणूक आणि गृहीत वाचक ही ज्या कृतीची अंगे आहेत, तिला साहित्यविचाराची परिभाषा अगदीच परकी ठरू नये.

१९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आणि १९६९ साली मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशात परीक्षेइतकेच, किंबहुना मुलाखतीच्या टप्प्यावर परीक्षेहूनही अधिक, महत्त्व उमेदवाराच्या संपुटाला येते. मग प्रश्न असा उपस्थित होतो की, हे संपुट नेमके कशाचा पुरावा आहे? हस्तकौशल्याचा, की उमेदवाराच्या प्रदेशाचा व परंपरेचा, की आणखी कशाचा?

या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एका विशिष्ट स्थळी उभे राहून करणे सोयीचे आहे. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील वरोर हे किनाऱ्यावरचे गाव त्या दृष्टीने उपयुक्त ठरते. चिंचणी आणि वाढवण यांच्या सान्निध्यातील हे गाव मासेमारीवर व वाडी-शेतीवर जगत आले आहे. आणि ज्या डहाणू-तलासरी भागात ते आहे, तो भाग जगाला मुख्यतः वारली चित्रांमुळे ठाऊक आहे. अशा गावातून ॲनिमेशनच्या प्रवेशासाठी निघालेल्या विद्यार्थ्याच्या संपुटाकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा केल्या जातात. त्याने सर्वत्र सारखे असलेले कौशल्य दाखवावे, ही पहिली. आणि त्याने आपल्या मातीचे वेगळेपण दाखवावे, ही दुसरी. या दोन्ही अपेक्षा अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२

महाराष्ट्रातील ॲनिमेशनच्या इतिहासात पहिल्या संपुटाचा मान कोणाला द्यावयाचा झाल्यास तो दादासाहेब फाळके यांना द्यावा लागेल. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते. छायाचित्रण आणि शिळामुद्रण ही तंत्रे त्यांना अवगत होती. १९१२ साली ते इंग्लंडहून चित्रपटाची सामग्री घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापुढची अडचण भांडवलाची होती. संभाव्य भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी त्यांनी जी कृती सिद्ध केली, ती म्हणजे ‘अंकुराची वाढ’ हा अल्पपट. कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या दाण्याचे ते रोज एक चौकट याप्रमाणे चित्रण करीत राहिले; आणि महिन्याहून अधिक काळाची वाढ मिनिटभराच्या अवधीत पडद्यावर उमटली. त्यानंतर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्यांच्या हालचालींचा गंमतीदार पट.

‘अंकुराची वाढ’ हे शब्दशः ॲनिमेशनचे प्रवेशसंपुट होते. एक माणूस आपल्या पात्रतेचा पुरावा दुसऱ्यापुढे ठेवीत होता. त्या पुराव्यावर पुढील कामाचा दरवाजा उघडणार होता. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, फाळक्यांनी देवदेवतांची भव्य दृश्ये किंवा रंगीत देखावे पुढे केले नाहीत. त्यांना चित्रकला येत होती, तरीही आपल्या रेखाटनाची सफाई त्यांनी दाखविली नाही. त्यांनी दाखविला तो काळ. वाढ ही डोळ्यांना दिसत नाही; ती एका दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या दरम्यान घडते. दोन चौकटींमधील हे न दिसणारे अंतर ज्याने ओळखले आणि मोजले, त्याने चलच्चित्राचे मर्म हस्तगत केले असे म्हणावयास हरकत नाही. कॅनडातील ॲनिमेशनकार नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी पुढे या कलेविषयी जी भूमिका मांडली, तिचाही आशय असाच होता : प्रत्येक चौकटीवर काय आहे यापेक्षा दोन चौकटींच्या मध्ये काय घडते, हे अधिक महत्त्वाचे.

३

या कसोटीवर प्रचलित संपुटांकडे पाहिले तर त्यांचे दोन ठळक प्रकार दिसतात. पहिल्याला कौशल्यप्रधान संपुट म्हणता येईल. त्याचे मूळ परदेशी कलाशिक्षणात आहे आणि ते मूळ निरर्थक नाही. डिस्नेच्या कलागृहात १९३२ पासून डॉन ग्रॅहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली व्यक्तिरेखाटनाचे वर्ग सुरू झाले, ते हलत्या देहाचे वजन आणि तोल चित्रकारांना समजावा म्हणून. कॅनडातील शेरिडन महाविद्यालयाने मागविलेल्या संपुटांत देहाची जलद रेखाटने, हातांची रेखाटने, एकाच पात्राची निरनिराळ्या बाजूंनी दिसणारी रूपे, खोलीचे यथादर्शन आणि कथाफलक यांचा समावेश राहिला आहे. या प्रत्येक अंगामागे एक कारण आहे : हातात भाव असतो, फिरत्या पात्रात घनता लागते, खोलीत पात्राला चालावयाचे असते.

परंतु कारण विसरून केवळ यादी हाती घेतली की संपुटाचा सांचा बनतो. प्रवेशवर्गांतून सिद्ध होणाऱ्या अनेक संचांत तीच मुठीची सहा रेखाटने, तोच धावणारा मनुष्य, तीच टेबलखुर्चीची खोली आढळते. रेषा सफाईदार असते. पण धावणारा मनुष्य कोठून निघाला आणि कोठे थांबणार, याचा पत्ता चित्रात नसतो. त्याची मुद्रा धावण्याची असते, त्याला वेग नसतो. ज्या कौशल्याचा हेतू गती पकडणे हा होता, ते कौशल्य स्थिर मुद्रांचा संग्रह होऊन बसते.

दुसऱ्या प्रकाराला प्रदेशप्रधान संपुट म्हणावे. डहाणू भागातील विद्यार्थ्याला हा मोह विशेष पडतो, आणि कित्येकदा तो मोह त्याचे हितचिंतकच त्याच्यात रुजवितात. गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी, तीवर पांढऱ्या त्रिकोणांची माणसे, मध्यभागी तारप्याचा फेर, अशी पाच-सात पाने जोडली की संपुटाला ‘ओळख’ आली असे समजले जाते. येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला नैतिक आहे. वारली चित्र ही एका विशिष्ट समाजाची परंपरा आहे. वरोरच्या किनाऱ्यावरचा मांगेला, भंडारी वा अन्य घरातील विद्यार्थी केवळ त्याच तालुक्यात जन्मला म्हणून त्या परंपरेचा वारस ठरत नाही. शेजारी म्हणून तो तिचा अभ्यासक होऊ शकतो, आणि तसे त्याने संपुटात स्पष्ट लिहावे हेच उचित. दुसरा आक्षेप कलाविषयक आहे, आणि तो वारली घरातील विद्यार्थ्यालाही लागू पडतो. परंपरेतील आकार उचलणे आणि परंपरेची रचना समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४

ही भिन्नता स्पष्ट होण्यासाठी वारली चित्राची घडण पाहणे अगत्याचे आहे. मुळात हे चित्र लग्नविधीचे अंग होते. शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असे आणि धवलेरीच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नसे. बांबूची काडी टोकाशी ठेचून केलेली कुंचली एवढेच साधन. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी त्याला विधीच्या चौकटीबाहेर एक स्वतंत्र निवेदनशैली मिळवून दिली. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वारली मानवाकृती दोन त्रिकोणांची बनते. वरचा त्रिकोण अधोमुख, खालचा ऊर्ध्वमुख, आणि दोहोंची टोके कमरेशी मिळालेली. या आकृतीत त्रिकोणांचा आकार जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो त्यांच्यामधील कोन. वरचा त्रिकोण जरा कलला की मनुष्य वाकतो. दोन्ही त्रिकोण विरुद्ध दिशांना कलले की तो नाचतो. शरीराची सारी गती त्या एका बिंदूत साठविलेली असते. ज्या शिक्षणाने आकृती दाबणे आणि ताणणे हा गतीचा पहिला नियम मानला, त्या डिस्नेप्रणीत शिक्षणाहून ही कल्पना मूलतः निराळी आहे. तेथे घनफळ कायम ठेवून आकार बदलतो. येथे आकार कायम ठेवून सांधा बदलतो.

अशा सांध्याच्या गतीवर उभे असलेले ॲनिमेशन जगाला अपरिचित नाही. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ साली पूर्ण केलेला राजपुत्र अहमदचा पूर्ण लांबीचा पट सांध्यांनी जोडलेल्या छायाकृतींचाच होता. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या याच तत्त्वावर हलतात. त्याच समाजाची चित्रकथी तर संपुटाच्या प्रश्नाशी अधिकच निगडित आहे. एकेका आख्यानाच्या सुट्या चित्रांची ‘पोथी’ बांधलेली असते. कथेकरी एकामागून एक चित्र पुढे करतो आणि त्या क्रमातून आख्यान उलगडते. या परंपरेचे पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी हे, एका अर्थी, या भूमीतील संपुटाचे जुने रूप होय. आणि त्यातील प्रत्येक पान पुढच्या पानासाठी असते, हा त्याचा धडा होय.

तारप्याच्या फेराचे चित्रही याच दृष्टीने तपासावयास हवे. मध्ये तारपावादक आणि त्याच्याभोवती सर्पिल गतीने उलगडणारी नर्तकांची रांग, अशी ती मांडणी. १८३२ साली बेल्जियमचे प्लाटो यांनी जी फिरती तबकडी बनविली, तीवरही वर्तुळाकार ओळीने आकृती काढलेल्या असत. तबकडी फिरविली की त्या एकच आकृती हलल्याप्रमाणे भासत. दोहोंचे साम्य मोहक आहे, पण समीक्षकाने येथे सावध राहावयास हवे. तबकडीवरील आकृती म्हणजे एकाच नर्तकाच्या एकामागून एक येणाऱ्या अवस्था होत. तारप्याच्या फेरातील आकृती म्हणजे एकाच क्षणी नाचणारे अनेक नर्तक होत. पहिल्यात काळ आहे, दुसऱ्यात समूह आहे. वारली चित्र हे ‘आधीच’ ॲनिमेशन आहे असे जे उत्साहाने म्हटले जाते, ते म्हणूनच खरे नाही. ते गतीच्या उंबरठ्यावर उभे असलेले स्थिर चित्र आहे. उंबरठा ओलांडण्याचे काम विद्यार्थ्याला स्वतः करावे लागते : फेरातील एक नर्तक उचलून त्याचे एक पाऊल बारा चित्रांत मांडून पाहावे लागते. हे ज्याने केले त्याच्या संपुटात वारली चित्र अभ्यास म्हणून आले. ज्याने फेर केवळ उतरवून घेतला त्याच्या संपुटात ते नक्षी म्हणून आले.

आय. आय. टी. मुंबईत अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांनी भिल्ल चित्रकार शेरसिंग यांच्यासमवेत केलेला ‘हम चित्र बनाते हैं’ (२०१६) हा लघुपट या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्यास सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पारंपरिक चित्रकार येथे नमुना पुरविणारा राहिला नाही, कृतीचा सहकारी झाला. परंपरेशी विद्यार्थ्याने कोणते नाते जोडावे, याचा हा एक प्रामाणिक वस्तुपाठ होय.

५

आतापर्यंतच्या विवेचनात ‘गती’ हा शब्द वारंवार आला. त्याला काटेकोर अर्थ द्यावयाचा तर मराठी सौंदर्यविचारातील ‘लय’ या संकल्पनेकडे वळावे लागते. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल हे लयीचे तीन प्रकार मांडले. त्यांचा विचार प्रामुख्याने कलाकृतीच्या अंगभूत घटकांच्या परस्परसंबंधाचा होता. हा विचार संपुटाला लावला तर त्याची परीक्षा एकेका पानावर न होता पानापानांच्या संबंधावर होऊ लागते. एकाच होडीची ओहोटीतली आणि भरतीतली रेखाटने शेजारी ठेवली तर विरोधलय जाणवते. जाळे ओढणाऱ्या चार पाठींची एकाच कोनातली रेखाटने ठेवली तर संवादलय. आणि डोक्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या स्त्रीच्या मानेचा व कमरेचा उलटसुलट कल पकडला तर समतोललय. एकेकटे पान सामान्य असूनही क्रमामुळे संपुट असामान्य ठरू शकते. उलट वीस उत्तम पाने परस्परांशी अबोल राहू शकतात.

अर्थात् मर्ढेकरांच्या सिद्धान्ताची मर्यादाही येथे प्रकट होते. त्यांची लय ही अवयवांच्या संबंधाची लय आहे. घटकांमागील जगाच्या अर्थाला तिच्यात दुय्यम स्थान मिळते. पण ॲनिमेशनमध्ये टोपलीचे वजन हा केवळ आकृतिबंधाचा घटक नसतो. टोपली भरलेली आहे की रिकामी, हे कळल्यावाचून मानेचा कल ठरविताच येत नाही. वजन हे येथे एकाच वेळी रूप आणि आशय आहे. गॉटहोल्ट लेसिंग यांनी ‘लाओकून’ (१७६६) मध्ये चित्राला अवकाश आणि काव्याला काल अशी जी वाटणी करून दिली, तीही येथे मोडते. कारण ॲनिमेशन चित्राच्या साधनांनी काळाची रचना करते. उलटपक्षी विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राची भूमिका अधिक जवळची वाटते. नृत्तशास्त्र जाणल्यावाचून चित्रसूत्र समजणे कठीण, असे मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात. चित्रकाराने आधी हालचाल शिकावी, मग रेषा, हा क्रम ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याला जितका लागू आहे तितका क्वचित् अन्य कोणास असेल.

६

महाराष्ट्रातील शालेय कलाशिक्षणात या दृष्टीने एक उत्तम साधन अनेक पिढ्यांपासून उपलब्ध आहे, पण त्याचे महत्त्व ओळखले गेलेले नाही. शासकीय रेखाकला परीक्षांतील, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमीजिएटमधील, स्मरणचित्र हा विषय तो होय. समोर वस्तू नसताना पाहिलेला प्रसंग आठवून काढणे, ही त्याची अट. गती कधीच समोर थांबून राहत नाही. ती नेहमी आठवूनच काढावी लागते. त्यामुळे स्मरणचित्र हा ॲनिमेशनचा प्राथमिक पाठच ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात बाजार, जत्रा, पाऊस अशा ठराविक विषयांचे ठराविक आराखडे पाठ करण्याकडे विद्यार्थ्यांचा ओढा राहिला. स्मरणचित्रातले स्मरण गेले आणि पाठांतर उरले. संपुटासाठी वरोरचा विद्यार्थी जर काही जुने काम शोधीत असेल, तर त्याने आपल्या इंटरमीजिएटच्या स्मरणचित्राकडे परत जावे, आणि तोच प्रसंग प्रत्यक्ष पाहून, मग पुन्हा आठवून, तीन-चार अवस्थांत मांडावा. पाठ केलेल्या आराखड्यात आणि पाहून आठवलेल्या चित्रात जे अंतर पडते, तेच त्याच्या प्रगतीचे माप.

वरोरच्या परिसरात पाहण्यासारखे काय आहे, हा प्रश्न वास्तविक पडू नये. बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील वाऱ्याने हलतात, त्या हलण्याला ठेका असतो. जाळे विणणाऱ्या हाताची हालचाल थोड्याशा फरकाने पुन्हा पुन्हा होते. ॲनिमेशनकाराला ज्या आवर्तनाची गरज असते, ते तेथे आयतेच हाताशी येते. जिव्या सोमा मशे यांनी मासेमारीच्या जाळ्याचा विषय वारंवार हाताळला, आणि असंख्य बारीक रेषांच्या जाळ्याने सारे चित्रफलक व्यापले. त्या चित्रांचा अभ्यास किनाऱ्यावर बसून खऱ्या जाळ्याशी ताडून करण्याची सोय वरोरच्या विद्यार्थ्याइतकी अन्य कोणास नाही.

भरती-ओहोटीचे उदाहरण तर फाळक्यांच्या अंकुराची आठवण करून देणारे आहे. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा काळ सुमारे सहा तासांचा. एकाच जागी बसून दर पाव तासाने पाण्याची रेघ आणि तीबरोबर कलणारी होडी रेखाटली तर सहा तासांत चोवीस रेखाटने होतात. चित्रपटाच्या चोवीस चौकटींच्या हिशेबाने तो पडद्यावरचा एक सेकंद. सहा तासांच्या बैठकीला एका सेकंदाचे फळ, हे प्रमाण ज्याला निराश करीत नाही त्याला ही विद्या मानवेल, असे समजण्यास हरकत नाही. शिवाय या अभ्यासाला एक वही आणि एक पेन्सिल यांखेरीज खर्च नाही. महागड्या प्रवेशवर्गांपर्यंत न पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही गोष्ट गौण मानता येणार नाही.

या पट्ट्यातील आणखी एका हस्तव्यवसायाचा निर्देश करावयास हवा. चिंचणी-वरोर-वाढवण भागात दागिन्यांचे पोलादी साचे कोरण्याचा, म्हणजे स्थानिक बोलीत डायमेकिंगचा, घरगुती धंदा आहे. साच्यात नक्षी उलटी कोरावी लागते. उंचवटा हवा तेथे खोलगा घ्यावा लागतो. ही उलट विचार करण्याची सवय ज्या घरात मुलाच्या डोळ्यांसमोर रोज घडते, त्या घरातील विद्यार्थी आपल्या संपुटात तिचा मागमूसही ठेवीत नाही. कारण तिला ‘कला’ म्हणावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. साच्याची एक ठसाकृती आणि तिच्या कोरण्याच्या पायऱ्यांची पाच-सहा रेखाटने, हे पान उसन्या त्रिकोणांच्या दहा पानांहून अधिक बोलके ठरेल.

७

या भूमिकेवर काही आक्षेप घेता येतील. पहिला असा की, परीक्षकाला शेकडो उमेदवारांची तुलना करावयाची असते, तेव्हा समान कसोट्या हव्यात. हात, देह, खोली ही यादी म्हणूनच अनिवार्य. हा आक्षेप रास्त आहे, आणि यादी टाकून द्यावी असे येथे सुचविलेले नाही. हात काढावयाचेच आहेत. ते जाळे विणणारे असावेत. खोली काढावयाचीच आहे. ती कोणी वावरते अशी असावी. कॅलिफोर्नियातील कॅलआर्ट्‌ससारखी संस्थाही प्रत्यक्ष निरीक्षणाच्या रेखाटनांना आणि रेखाटनवहीला महत्त्व देते. समान कसोटी आणि स्वतःचे निरीक्षण यांत मुळात विरोध नाही. तो सांचेबंद तयारीने निर्माण केलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वरोरशेजारच्या वाढवण येथे मोठ्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचा पायाभरणी समारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. अशा वेळी या किनाऱ्याची रेखाटने करणाऱ्या विद्यार्थ्याचे संपुट हे आपोआपच एक साक्षीपत्र बनते. मग त्याला केवळ लयीच्या तराजूत तोलणे निष्ठुरपणाचे नाही काय?

याचे उत्तर देताना दोन मूल्यांची गल्लत टाळावयास हवी. बदलू घातलेल्या किनाऱ्याच्या नोंदीला दस्तऐवजाचे मूल्य आहे, आणि ते थोडे नाही. उद्या त्या वहीवाचून एखाद्या कामाची हालचाल कोणास कळणारही नाही. परंतु संपुटाला कैफियतीचे रूप देऊन परीक्षकाच्या अनुकंपेवर भिस्त ठेवणे हे त्या किनाऱ्याशीही प्रामाणिक ठरणार नाही. रडवेल्या रंगांतली उजाड होडी कोणीही, कोठेही बसून काढू शकतो. वल्हे मारताना खांदा आधी फिरतो की मनगट, हे मात्र तेथे बसून पाहणाऱ्यालाच काढता येते. साक्ष खरी ठरते ती तपशिलाने. आणि गतीचा अचूक तपशील हीच कलेची कसोटी असल्यामुळे, या ठिकाणी दस्तऐवजाचे मूल्य आणि कलेचे मूल्य परस्परांना साहाय्यक होतात. जे हालते ते अचूक पाहिले गेले, तर जे जाणार आहे त्याचीही नोंद राहते.

तिसरा आक्षेप असा की, विद्यार्थ्याकडून एवढ्या परिपक्वतेची अपेक्षा करणे अवाजवी आहे. त्यावर एवढेच म्हणता येईल की, परिपक्वता ही संपुटाची पूर्वअट नाही. फसलेले पान, खोडलेली रेघ, शेजारी लिहिलेली सेकंदांची चुकलेली मोजणी, ही पाने संपुटातून काढून टाकण्याची प्रथा आहे. वस्तुतः तीच पाने उमेदवार कसा पाहतो हे सांगतात. शिकविणाऱ्या संस्थेला पूर्ण झालेला कलावंत नको असतो. शिकण्याजोगा डोळा हवा असतो.

८

सारांश, ॲनिमेशनच्या प्रवेशाचे संपुट हे कौशल्याचे प्रदर्शन म्हणून अपुरे आहे आणि प्रदेशाची ओळखपत्रिका म्हणूनही अपुरे आहे. त्याची कसोटी एका प्रश्नात सामावते : दोन पानांच्या मध्ये काळ गेला आहे काय? हा काळ जर जाणवला, तर पानांवर वारली त्रिकोण आहेत, हाताची रेखाटने आहेत की दागिन्याचा साचा आहे, याला दुय्यम महत्त्व येते. आणि तो जाणवला नाही, तर यांपैकी कशानेही ती उणीव भरून निघत नाही. संपुटे तयार करून घेणाऱ्या शिक्षकांनी आणि ती तपासणाऱ्या परीक्षकांनी हा प्रश्न आपापल्या कसोट्यांत अग्रभागी ठेवला, तर वरोरसारख्या गावातील विद्यार्थ्याला शहराची नक्कल करावी लागणार नाही, आणि शहराला हवे असलेले खेडेही बनून दाखवावे लागणार नाही. त्याने आपल्या किनाऱ्यावर बसून जे मोजले, त्याचेच मोल मग व्हावयाचे.